ठेवीच्या बाजूने

रंगाच्या कंपनीने डबा विकला, पैसे जमा झाले, की व्यवहार संपला. त्यात किती सुटले ते त्याच महिन्यात सांगता येतं. बँक आज कुणाला तरी वीस वर्षांचं गृहकर्ज देते. ते देण्यात शहाणपण होतं की नाही हे कळायला सात-आठ वर्षं तरी जातात, पण त्यावरचं व्याज याच तिमाहीच्या नफ्यात धरलं जातं. म्हणजे बँकेने जाहीर केलेला नफा हा बऱ्याच अंशी अंदाज असतो. तो अंदाज कोण करतंय, किती सांभाळून करतंय आणि चुकला तर झळ कुणाला बसणार, हे समजून घेतल्याशिवाय बँकेच्या शेअरला स्वस्त किंवा महाग म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. ते बनलं बँकांच्या शाखांमध्ये बसून, आणि इथे ते मी मुख्यतः एचडीएफसी बँकेच्या शेअरला लावून पाहते.

मी सीए आहे. एप्रिल उजाडला की आमच्यातल्या अनेकांच्या वाट्याला सरकारी बँकांच्या शाखांचं ऑडिट येतं. तालुक्याच्या गावातली शाखा, बाहेर रणरणतं ऊन, आत कूलरची घरघर आणि टेबलावर कॅश क्रेडिट खात्यांच्या फायलींचा ढीग. अशाच एका शाखेतलं एक खातं माझ्या कायमचं लक्षात राहिलंय. सुताच्या व्यापाऱ्याचं. सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, हे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज; त्यात दर महिन्याला मालाच्या साठ्याचं स्टेटमेंट द्यावं लागतं आणि त्यावरून किती पैसे उचलता येतील ते ठरतं. या पार्टीची डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीची स्टेटमेंटं मी शेजारी शेजारी मांडली. सुताचा साठा तिन्हींत किलोपर्यंत तोच. यंत्रमागांच्या पट्ट्यात, जिथे माल आठवडाभर पडून राहिला तरी लोक कासावीस होतात, तिथे तीन महिने एक पोतंही हललं नव्हतं. मग खातेउतारा काढला. कित्येक महिने व्याजापुरतेही पैसे जमा नाहीत आणि मार्च संपायला दोन दिवस असताना एकरकमी मोठी जमा. ती आली होती त्याच घरातल्या दुसऱ्या फर्मकडून. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच रक्कम त्याच फर्मला परत गेलेली.

मॅनेजर साहेब म्हणाले, "मॅडम, पार्टी जुनी आहे. पळून जाणारी नाही. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होईल."

साहेब लबाड नव्हते. त्यांचा त्या माणसावर खरोखर विश्वास होता. त्यांची बदली तोंडावर आली होती आणि जाताना शाखेच्या नावावर नवा एनपीए, म्हणजे थकलेलं, अनुत्पादित कर्ज, नको, एवढीच त्यांची इच्छा होती. आम्ही बदलाची नोंद केली, खातं अनुत्पादित ठरलं, संभाव्य तोट्यापोटी नियमाप्रमाणे पंधरा टक्के तरतूद झाली आणि शाखेचा नफा तेवढा खाली आला. नियम स्पष्ट आहे: नव्वद दिवस व्याज निघालं नाही की कर्ज एनपीए. पण नव्वद दिवस खरोखर निघालं नाही की कुणीतरी निघाल्यासारखं दाखवलं, हे कुणीतरी खुर्चीत बसून उतारा वाचल्याशिवाय कळत नाही. शेअर घेणाऱ्यापर्यंत या सगळ्याचा फक्त एक आकडा पोचतो, तोही दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत नेमका. त्या नेमकेपणाने भुलू नये. त्याच्या पोटात असे लाखो साहेब आणि लाखो पार्ट्या असतात.

देशाच्या पातळीवर हेच २०१५ नंतर घडलं. रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जखात्यांची कसून तपासणी केली. पोलाद, वीज, रस्ते या क्षेत्रांतली जी कर्जं पुन्हा पुन्हा मुदत वाढवून जिवंत ठेवली होती, ती उघड्यावर आली. मार्च २०१८ मध्ये स्टेट बँकेचा ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांतला थकलेल्या कर्जांचा वाटा, १०.९१ टक्क्यांवर गेला आणि त्या वर्षी देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेला ६,५४७ कोटींचा तोटा झाला. पुण्याच्या आपल्या बँक ऑफ महाराष्ट्रचा आकडा तर १९ टक्क्यांच्या पुढे होता. त्याच मार्चला एचडीएफसी बँकेचा एनपीए होता १.३० टक्के. देश तोच, नियम तेच, व्याजदरांचं चक्र तेच, आणि एकीकडे दहा टक्क्यांच्या वर, दुसरीकडे सव्वा टक्का. एवढा फरक का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

ही कर्जं येतात कुठून, याचं अर्ध उत्तर माझ्या मते ठेवींच्या बाजूला आहे. लोक बँकेचा ताळेबंद वाचताना आधी कर्जं पाहतात: किती दिली, किती वाढली, किती बुडाली. मी उलट्या बाजूने सुरू करते. ज्या बँकेला पैसा महाग पडतो, तिला तो महाग दरानेच पुढे द्यावा लागतो. आणि महाग दराने कर्ज घ्यायला कोण तयार होतं? ज्याला दुसरीकडे कुणी उभं करत नाही, तो. ज्या बँकेकडे स्वस्त पैसा आपोआप येतो, तिला चांगल्या कर्जदाराला कमी दर देऊन वाईट कर्जदाराला नाही म्हणण्याची ऐपत असते.

एचडीएफसी बँकेने ही ऐपत फार लवकर कमावली. १९९३-९४ मध्ये नव्या खासगी बँकांना दारं उघडली तेव्हाच्या पिढीतली ही बँक. सिटी बँकेची मलेशियातली नोकरी सोडून आलेले आदित्य पुरी सुरुवातीपासून २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत तिच्या प्रमुखपदी होते. इतकी वर्षं एका मोठ्या बँकेच्या खुर्चीत एकच माणूस, हे आपल्याकडे विरळाच. सुरुवातीच्या काळात या बँकेने शेअर बाजारांच्या व्यवहारांची पैशांची देवघेव हाताळायचं काम मिळवलं. ब्रोकरांचे पैसे खात्यात पडून राहायचे आणि त्यांवर जवळपास व्याज द्यावं लागत नव्हतं. मग कंपन्यांची पगार खाती, मग त्या पगारदारांनाच गाडीचं कर्ज, पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड. पगार कुठल्या तारखेला येतो आणि कुठे जातो हे ज्या बँकेला दिसतं, तिला कर्ज देताना फारसा अंदाज बांधावा लागत नाही. पंधरा-पंधरा वर्षं चालणाऱ्या वीज प्रकल्पांच्या आणि महामार्गांच्या कर्जांपासून ती बव्हंशी लांब राहिली. २००९-१० च्या तेजीत यावरून तिला भित्री म्हटलं गेलं असेल, तर मला तो भित्रेपणा फार मोलाचा वाटतो.

माझी आत्या मिरजेला असते, शाळेतून निवृत्त झालेली. व्याजदर उतरायला लागल्यावर, २०२५ च्या उन्हाळ्यात, तिने फोनवर सरळ विचारलं, "अगं, एफडी रिन्यू करायला गेले तर व्याज कमीच. बचत खात्यावर तर अडीच टक्के. मग त्यापेक्षा त्याच बँकेचा शेअर घेतला तर? बँक तीच ना?"

बँक तीच, पण अडचण आली तर पैसे परत मिळण्याच्या रांगेतली जागा वेगळी. हे मी तिला येस बँकेचं उदाहरण देऊन सांगितलं. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले, खात्यातून पन्नास हजारांच्या वर काढायला बंदी. लोक घाबरले, पण दोन आठवड्यांत निर्बंध उठले आणि ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहिला. त्याच बँकेचे जास्त व्याज देणारे कायमस्वरूपी (परतफेडीची ठरलेली तारीख नसलेले) बाँड ज्यांनी घेतले होते, त्यांचे ८,४१५ कोटी रुपये शून्य केले गेले. आणि ज्या शेअरने २०१८ च्या ऑगस्टमध्ये ४०० रुपये पाहिले होते, तो एका टप्प्यावर सहा रुपयांच्याही खाली गेला. शंभराहून जास्त शेअर असलेल्यांचे तर पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले; विकून मोकळं व्हायचीही सोय राहिली नाही. आत्याच्या पिढीला बँक बुडण्याची भीती आहे ती पीएमसी बँकेसारख्या सहकारी बँकांच्या प्रकरणांमुळे, आणि पुण्यात रुपी बँकेमुळे. तिथे ठेवीदारच भरडले गेले. मोठ्या बँकेत ठेवीदाराला वाचवायला सरकार आणि रिझर्व्ह बँक धावतात. भागधारकाला वाचवायला कुणी येत नाही, आणि येऊही नये. त्या जोखमीचाच तर त्याला मोबदला मिळतो.

येस बँकेची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बँकेने स्वतः मोजलेला एनपीए आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालेला एनपीए यांत मोठी तफावत असेल, तर ती वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये छापा, असा नियम २०१७ च्या एप्रिलमध्ये आला. त्याप्रमाणे येस बँकेने छापलं: २०१५-१६ साठी आपण दाखवला होता ७४९ कोटी, रिझर्व्ह बँकेच्या मते होता ४,९२५ कोटी. सहापटीहून जास्त. पुढच्या वर्षाची तफावत त्याहून मोठी निघाली, सहा हजार कोटींच्या वर. हे सगळं छापील होतं, कुणालाही फुकट वाचता येत होतं, आणि शेअर त्यानंतरही चढत राहिला. ज्याने ती टीप वाचली, त्याच्याकडे बाहेर पडायला वर्षाहून अधिक काळ होता, तोही चांगल्या भावात. म्हणून बँकेचा अहवाल हातात आला की अध्यक्षांचं मनोगत मी शेवटी वाचते. आधी टिपा. तफावत आहे का? वर्षभरात नव्याने किती कर्जं घसरली, किती कर्जं निर्लेखित करून एनपीएच्या आकड्यातून बाहेर काढली? ढोबळ एनपीए कमी होण्याचे दोन मार्ग असतात, वसूल करणं आणि पुस्तकातून पुसणं. मथळ्यात दोन्ही सारखेच दिसतात.

खरं तर मोठ्या आणि चांगल्या बँकेबाबत बुडण्याची भीती हा मुख्य प्रश्न नसतोच. मुख्य प्रश्न असतो: चांगली बँक, पण कुठल्या भावाला? आणि चांगली होती तेवढीच चांगली अजून आहे का?

एचडीएफसी बँकेच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न ४ एप्रिल २०२२ ला उभा राहिला. त्या दिवशी बँकेने एचडीएफसी लिमिटेड या आपल्या जन्मदात्या गृहकर्ज कंपनीला पोटात घेणार असल्याचं जाहीर केलं. शेअर त्या एका दिवसात दहा टक्के वर गेला. विलीनीकरण १ जुलै २०२३ ला प्रत्यक्षात आलं. एचडीएफसीच्या दर २५ शेअरमागे बँकेचे ४२ शेअर मिळाले. वर्तमानपत्रांत चर्चा होती आकाराची, जगातल्या मोठ्या बँकांच्या यादीत कितवा नंबर, वगैरे. मला त्या नंबरात रस नव्हता. १९७७ पासून हसमुखभाई पारेखांनी उभ्या केलेल्या त्या कंपनीने मध्यमवर्गाला घरं मिळवून दिली, यात वादच नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी डोंबिवलीकरांचा आणि कोथरूडकरांचा पहिला फ्लॅट तिच्या कर्जावर उभा आहे. पण ती चालत होती बाजारातून उचललेल्या पैशावर. सहा लाख कोटींहून अधिक कर्जं, आणि त्यामागे बहुतांश बाँड आणि उधारी. बँकेसारखा स्वस्त बचत खात्यांचा झरा तिच्याकडे नव्हताच.

शिवाय गृहकर्ज कंपनीला उचललेल्या पैशातला काही भाग रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवावा लागत नाही. बँकेला लागतो. तेव्हा रोख राखीव प्रमाण साडेचार टक्के होतं आणि सरकारी रोख्यांचं बंधन अठरा टक्के. म्हणजे शंभर रुपये आणले तर साडेबावीस रुपये आधीच बाजूला. तेच गृहकर्ज, तोच कर्जदार, तोच हप्ता, पण बँकेच्या पोटात शिरताच त्यावरची कमाई बारीक झाली.

झालंही तसंच. विलीनीकरणापूर्वी बँकेकडे शंभर रुपयांच्या ठेवींमागे पंच्याऐंशीच्या आसपास कर्जं होती. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस ते प्रमाण एकशे दहावर पोचलं. कासा, म्हणजे चालू आणि बचत खात्यांचा ठेवींतला वाटा, चव्वेचाळीस टक्क्यांवरून अडतीसच्या खाली आला. निव्वळ व्याजाचं मार्जिन, म्हणजे मिळालेल्या आणि दिलेल्या व्याजातला फरक, चारच्या वरून ३.४ टक्क्यांवर घसरलं. जानेवारी २०२४ मध्ये हे निकाल आले आणि दुसऱ्या दिवशी शेअर साडेआठ टक्के कोसळला. नफा तर वाढला होता, १६,३७३ कोटी. अनेकांना कळेना की नफा वाढूनही भाव का पडतोय. माझ्या मते त्या दिवशी बाजार पहिल्यांदाच त्या बँकेचा ताळेबंद ठेवींच्या बाजूने वाचत होता.

त्यानंतर बँकेने जे केलं, त्यावरून मी तिच्याबद्दलचं मत पक्कं केलं. २०२४-२५ मध्ये ठेवी १४ टक्क्यांनी वाढवल्या आणि कर्जं फक्त साडेपाच टक्क्यांच्या आसपास. देशात कर्जांना मागणी होती, शेजारच्या बँका जोरात देत होत्या, आणि देशातली सगळ्यात मोठी खासगी बँक मुद्दाम हात आखडून बसली. बाजारातला वाटा गेला तरी चालेल, आधी कर्ज आणि ठेवींचं गणित जागेवर आणू, असा तो निर्णय होता. मार्च २०२५ पर्यंत ते प्रमाण शंभराच्या खाली, सत्त्याण्णवच्या आसपास आलं. तिमाही निकालांच्या मागे लागणाऱ्या जगात असं वर्षभर थांबणं सोपं नसतं. याचा मला आदर वाटतो.

आणखी एक लहानशी नोंद, पण माझ्या दृष्टीने बोलकी. जून २०२५ च्या तिमाहीत उपकंपनी एचडीबी फायनान्शियलचे शेअर बाजारात आणून बँकेला नऊ हजार कोटींहून थोडा जास्त एकवेळचा फायदा झाला. तो सरळ नफ्यात दाखवून विक्रमी तिमाही साजरी करता आली असती. बँकेने त्याच तिमाहीत नऊ हजार कोटींची तरंगती तरतूद केली, म्हणजे कुठल्याही विशिष्ट बुडीत खात्यासाठी नव्हे तर पुढच्या वाईट दिवसांसाठी, आणि वर आणखी सतराशे कोटी बाजूला ठेवले. त्या सुताच्या व्यापाऱ्याच्या खात्यात मार्चअखेरीस जे झालं, त्याच्या नेमकी उलटी ही वृत्ती. एकीकडे वाईट लपवून वर्ष चांगलं दाखवायचं, दुसरीकडे चांगल्या वर्षातलं थोडं गाडून ठेवायचं. मला शेअर घ्यायचा तर दुसऱ्या घरचा घ्यायचा आहे.

पण सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. मार्च २०२५ पर्यंत कासाचा वाटा परत वर आलेला नव्हता; तेव्हा तो पस्तीस टक्क्यांच्याही थोडा खाली होता. हा एकट्या एचडीएफसी बँकेचा प्रश्न नाही. पूर्वी पगार झाला की उरलेले पैसे बचत खात्यात पडून असायचे. आता पाच तारखेला एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा ठरलेला मासिक हप्ता, जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये म्युच्युअल फंडांत एसआयपीने येणारी रक्कम महिन्याला पंचवीस हजार कोटींच्या पुढे गेली. तो पैसा कुणाच्या तरी बचत खात्यातूनच गेला आहे. फुकटात पडून राहणाऱ्या पैशावर उभा असलेला धंदा, तो पैसा जागा झाल्यावर किती फायद्याचा राहील, ही माझी खरी काळजी आहे. त्या मानाने बँक ऑफ महाराष्ट्र पाहा. २०१८ मध्ये जिचा एनपीए एकोणीस टक्क्यांवर होता, तिचा मार्च २०२५ चा ढोबळ एनपीए पावणेदोन टक्क्यांच्या आत, आणि कासा निम्म्याहून जास्त. गावोगावची पेन्शनरांची, शिक्षकांची, ग्रामपंचायतींची खाती अजून तिथे आहेत. १९३५ पासून पुण्यात असलेल्या या बँकेबद्दल आपल्याच लोकांनी फार कमी लिहिलंय, ते बरोबर नाही. पण तो वेगळा विषय.

तुलना करायचीच तर स्टेट बँकेशी करावी. २०२४-२५ मध्ये स्टेट बँकेने ७०,९०१ कोटी नफा कमावला, एचडीएफसी बँकेने ६७,३४७ कोटी. जवळपास बरोबरी. मात्र स्टेट बँकेचा ताळेबंद सदुसष्ट लाख कोटींच्या जवळ, एचडीएफसी बँकेचा एकोणचाळीस. तरी भागधारकाच्या भांडवलावरचा परतावा स्टेट बँकेचा जास्त दिसतो. याचं कारण सोपं आहे आणि ते नीट पाहायला हवं: स्टेट बँक स्वतःच्या एका रुपयावर सुमारे पंधरा रुपयांचा डोलारा उभा करते, एचडीएफसी बँक सुमारे आठ रुपयांचा. दिवस चांगले असतात तेव्हा पंधरावाला जास्त कमावतो. एनपीए दोन टक्क्यांनी वाढला तर त्याच पंधरावाल्याचं भांडवल दुप्पट वेगाने झिजतं. स्टेट बँकेने जुलै २०२५ मध्ये ८१७ रुपयांनी शेअर विकून पंचवीस हजार कोटी उभे केले, ते या डोलाऱ्याला खाली टेकू द्यायलाच. तेव्हा कुणी नुसता भांडवलावरचा परतावा सांगितला, तर मी लगेच विचारते, किती उधारीवर? स्टेट बँक वाईट असं मी म्हणत नाही, गेल्या काही वर्षांत तिने कमाल केली आहे. पण स्टेट बँकेचा सतरा टक्के परतावा आणि एचडीएफसी बँकेचा चौदा टक्के यांची तुलना थेट होत नाही.

आता भाव. डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेचा शेअर १,४०० च्या आसपास होता. फेब्रुवारी २०२४ मध्येही १,४०० च्या आसपास. (हे आकडे २०२५ मध्ये बोनस शेअर वाटण्याच्या आधीचे.) तीन वर्षं भाव जागेवर आणि दरम्यान प्रतिशेअर नफा छप्पनवरून पंच्याऐंशीच्या आसपास गेलेला. प्रतिशेअर पुस्तकी मूल्य, म्हणजे सगळी देणी वजा जाता भागधारकाच्या वाट्याला उरणारी रक्कम, साडेतीनशेवरून साडेपाचशेच्या पुढे. मग घडलं काय? आधी लोक पुस्तकी मूल्याच्या चौपट मोजत होते, नंतर अडीचपट मोजायला लागले. धंद्याने जेवढं कमावलं, तेवढं सगळं या पटीच्या घसरणीने खाल्लं.

हे गणित मी आत्यालाही कागदावर मांडून दाखवलं. पुस्तकी मूल्य शंभर धरू. बँक त्यावर चौदा कमावते, त्यातले साडेतीन लाभांश म्हणून देते, साडेदहा पुन्हा धंद्यात घालते. म्हणजे धंदा वर्षाला साडेदहा टक्क्यांनी वाढू शकतो. शेअर तीनशेला, म्हणजे पुस्तकी मूल्याच्या तिप्पट भावाला, घेतला तर लाभांश सव्वा टक्क्याच्या जरा आत पडतो, दोघं मिळून जवळपास पावणेबारा. एफडीपेक्षा बरं, पण एवढ्यासाठी रांगेत शेवटी उभं राहायचं का? आणि ही पावणेबाराची कमाई तीनपट तीनपटच राहिली तर. ती चार वर्षांत अडीचवर आली, तर वर्षाला साडेचार टक्के जातात आणि हातात एफडीएवढंच उरतं. दोनशेला मिळाला तर लाभांश थोडा जास्त, पण खरा फायदा हा की पट आणखी खाली घसरायला जागा कमी उरते. चौदाचे सोळा-सतरा झाले तर चित्र पालटतं, कारण वाढीचा वेग आणि लोक मोजायला तयार असलेली पट हे दोन्ही बरोबरीने वर जातात. एचडीएफसी बँकेच्या शेअरवरची सगळी पैज आज यावर आहे: महाग बाँड फिटत जातील, त्यांच्या जागी ठेवी येतील, आणि चौदाचे सोळा होतील की नाही. यासाठी तीन-चार वर्षं द्यावी लागतील. तिमाहीत उत्तर मागणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

आत्याने ऐकून घेतलं आणि एफडी रिन्यू केली. तिचं वय, औषधांचा खर्च, तिला दर महिन्याला लागणारी रक्कम बघता तेच योग्य होतं, आणि मी तिला दुसरं काही करू दिलं नसतं.

माझ्याकडे हा शेअर आहे, विलीनीकरणाच्या आधीपासून. मी सेबीकडे नोंदलेली सल्लागार नाही आणि हे वाचून कुणी खरेदी-विक्री करावी असं मला वाटत नाही. प्रत्येकाने निकालाची ती पीडीएफ स्वतः उघडावी आणि टिपांपासून वाचायला सुरुवात करावी, एवढी मात्र मनापासून विनंती आहे. मी तो कधी विकेन, हेही लिहून ठेवते, कारण घेतानाच हे ठरवलं नाही तर विकायच्या वेळी माणूस स्वतःची समजूत काढत बसतो. कर्जं पुन्हा ठेवींपेक्षा जोरात पळायला लागली आणि कासा तिशीकडे निघाला, तर मी निम्मे विकेन. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतली तफावत टिपांमध्ये छापली गेली, तर दुसऱ्या दिवशी सगळे, भाव काहीही असो. डिसेंबर २०२० मध्ये वारंवार बंद पडणाऱ्या यंत्रणेमुळे रिझर्व्ह बँकेने नवी क्रेडिट कार्डं द्यायला बंदी घातली होती. तेव्हा मी विकले नाहीत, कारण तो दोष तांत्रिक होता, कर्जांच्या पुस्तकात नव्हता. आणि बाजार खूश होऊन पुन्हा पुस्तकी मूल्याच्या चौपट मोजायला लागला, तर एनपीए कितीही कमी दिसत असला तरी मी हळूहळू कमी करत जाईन. जून २०२५ च्या तिमाहीपर्यंत तरी यातलं काही झालेलं नव्हतं. पुढच्या निकालाच्या दिवशी ठेवींचा तक्ता उघडेन, मुदत ठेवी किती वाढल्या आणि बचत खात्यांतली रक्कम किती, हे आधी बघेन, मग बाकीचं.